जिना, हिरड्या आणि ७.४

रेफरलच्या चिठ्ठीत मोजकाच मजकूर होता. "वय ७६. अशक्तपणा, गुडघेदुखी, वजन कमी. सी-आर-पी वाढलेला, कारण सापडत नाही. घरी जाऊन व्यायाम शिकवावेत." (सी-आर-पी म्हणजे शरीरात दाह, म्हणजे आतली सूज, असल्याचं सांगणारं रक्तातलं प्रथिन.) मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते, अशा चिठ्ठ्या मला नवीन नाहीत. ही लक्षात राहिली, कारण त्या न सापडलेल्या कारणाचा बराचसा भाग मला दाराची बेल वाजवायच्या आधीच भेटला होता. तिसरा मजला, लिफ्ट नाही, ५८ पायऱ्या. पहिल्या मजल्यानंतर कठडा हलतो. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलेला. वर पोचेपर्यंत मलाच धाप लागली, आणि माझं वय आजींच्या निम्मं आहे.

(ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत.)

आजी इथे दोन वर्षांपूर्वी आल्या. आजोबा गेले, तळमजल्यावरचं जुनं घर बंद केलं आणि मुला-सुनेकडे राहायला आल्या. जुन्या घरी दिवसातून दोनदा तरी बाहेर पडणं व्हायचं, कधी कामाने, कधी उगीचच. इथे पहिले तीन-चार महिने रोज उतरल्या, मग दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. मी गेले तेव्हा महिन्यातून एकदा उतरत होत्या, तेही डॉक्टरांकडे जायला. वर्षभरात वजन ५८ किलोवरून ५२.५ वर आलं होतं.

"आई अशी नव्हती हो," मुलगा मला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात म्हणाला. "आळशी झालीये. दिवसभर पडून असते."

"ऐकू येतं मला," आतून आवाज आला.

फाइल जाड होती आणि डॉक्टरांनी काम चोख केलं होतं. सी-आर-पी सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासलेला, ६.८ आणि ७.४ मिलिग्रॅम प्रति लिटर. हा आकडा १० च्या वर गेला की आधी एखादा ताजा जंतुसंसर्ग शोधतात. १ च्या खाली असला की कुणी त्याच्याकडे फिरून बघत नाही. आजींचा मधेच अडकलेला. ताप नाही, लघवी स्वच्छ, छातीचा एक्स-रे ठीक, थायरॉइड ठीक, संधिवाताच्या तपासण्या निगेटिव्ह. हिमोग्लोबिन १०.६, म्हणजे कमी, पण लोहाचा साठा मात्र पुरेसा.

हा शेवटचा विरोधाभास मला बोलका वाटला. शरीरात दाह असला की आय-एल ६ नावाचा निरोप्या रक्तात फिरतो. तो यकृताला दोन कामं सांगतो. एक, सी-आर-पी बनव. दोन, हेप्सिडिन बनव. हे हेप्सिडिन लोहाच्या कोठाराला कुलूप लावतं. जंतूंना लोह मिळू नये यासाठीची ही जुनी युक्ती आहे. पण कुलूप महिनोन्महिने तसंच राहिलं तर कोठार भरलेलं आणि रक्त फिकं, अशी गत होते. म्हणजे आजींच्या अंगात कुठेतरी मंद आच सतत चालू होती. भडका नव्हता, विझतही नव्हती.

मुलाचा प्रश्न स्वाभाविक होता: "वयानुसार एवढं होतंच ना?" म्हातारपणी वाढणाऱ्या या मंद दाहाला इटलीच्या क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली 'इन्फ्लमेजिंग' असं नाव दिलं, आणि पुष्कळ वर्षं तो वयाचाच भाग समजला गेला. पण २०२५ मध्ये चार ठिकाणच्या लोकांची तुलना प्रसिद्ध झाली. इटली आणि सिंगापूरच्या वृद्धांमध्ये हा साचा बराचसा सारखा दिसला. बोलिव्हियातले त्सिमाने आणि मलेशियातले ओरांग अस्ली या आदिवासी समाजांत मात्र तो तसा बसलाच नाही. त्यांच्याकडे दाह आहे, पण तो मुख्यतः संसर्गाचा, आणि वयाबरोबर त्याच पद्धतीने चढत जात नाही. म्हातारं सगळ्यांनाच व्हायचं आहे, तरी आच कशी पेटते हे बऱ्याच अंशी माणूस कसा आणि कुठे राहतो यावर ठरतं. मुलाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. "वय हे एक कारण आहे, एकमेव नाही," इतकंच म्हणाले.

मग खुर्ची मागवली.

वृद्धांच्या हालचालीची एक साधी परीक्षा आहे, एस-पी-पी-बी. जॅक गुरालनिक आणि सहकाऱ्यांनी ती १९९४ मध्ये मांडली. तोल, चार मीटर चालणं आणि हात न लावता खुर्चीतून पाच वेळा उठणं, अशा तिन्हींचे मिळून १२ गुण. आजींनी हात छातीशी घेतले. पहिल्यांदा उठल्या त्या चांगल्या उठल्या. दुसऱ्यांदा पाय थोडे मागे ओढून घेतले. तिसऱ्यांदा टाचा उचलल्या गेल्या. चौथ्यांदा सगळं अंग पुढे झोकून दिलं आणि ओठ आवळले. पाचव्यांदा हात गुडघ्यांकडे निघाले होते, ते त्यांनी परत छातीवर आणले आणि तशाच उठल्या. १९.४ सेकंद. १५ च्या वर म्हणजे मांड्यांतली ताकद कमी.

"परीक्षा घेतेस होय गं? पास की नापास?"

१२ पैकी ६. तोल त्यातल्या त्यात बरा होता. चार मीटरला ७.३ सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला ०.५५ मीटर. ०.८ च्या खाली गेलं की आम्ही सावध होतो. रस्ता ओलांडताना सिग्नल या वेगासाठी थांबत नाही. हाताची पकड साडेतेरा किलो, बायकांसाठी १६ ते १८ च्या खालची पकड कमजोर धरतात.

आता माझी चूक. चिठ्ठीत 'व्यायाम शिकवावेत' असं होतं, म्हणून मी व्यायाम शिकवले. मोठ्या अक्षरात तक्ता लिहिला, भिंतीवर लावला, रोज खूण करायला सांगितलं. दोन आठवड्यांनी गेले तर चौदापैकी तीन दिवसांवर खुणा. त्यातली एक खूण सुनेने केलेली, हे अक्षरावरून कळत होतं. मी जरा चिडले, आणि मनातल्या मनात मुलाचाच शब्द वापरला.

तो शब्दच चुकीचा होता. दाह चालू असताना मेंदूलाही निरोप जातो: हालचाल कमी कर, भूक मार, लोकांत जाऊ नको, पडून राहा. फ्लूमध्ये आपल्याला जे वाटतं तेच हे, फक्त सौम्य आणि न संपणारं. १९८८ मध्ये बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकाने आजारी जनावरांच्या अशा वागण्याकडे लक्ष वेधलं होतं, की हे बिघाडाचं लक्षण नसून शरीराचं नियोजन आहे. घरात त्यालाच आळस म्हणतात. जिला शरीर आतून 'पड' असं सांगतंय तिला भिंतीवरचा तक्ता 'ऊठ' म्हणत होता. जिंकणार कोण हे उघड होतं.

त्या दिवशी व्यायाम बाजूला ठेवला आणि म्हटलं, "आजी, मला तुमचा दिवस दाखवा. झोपेतून उठल्यापासून."

पलंगापासून सुरुवात केली. गादीसकट उंची ३८ सेंटिमीटर, आणि जमिनीपासून त्यांच्या गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत ४२. बैठक गुडघ्याच्या खाली गेली की उठायला लागणारं बळ भराभर वाढतं. आजी डाव्या कोपरावर वळायच्या, कपाटाचं हँडल पकडायच्या आणि कण्हत उठायच्या. हँडल ढिलं झालेलं होतं. पलंग ज्या भिंतीला लावला होता तिच्यावर हात ठेवला तर गार आणि ओलसर. मुलाच्या मदतीने कपाट पुढे ओढलं. मागे रंगाचे पोपडे आणि परातीएवढा काळा बुरशीचा डाग. भिंतीपलीकडे बाथरूमचा पाइप होता, केव्हापासून पाझरत होता कोण जाणे.

"वास येतो ना, म्हणून मी खिडकीकडे तोंड करून झोपते," आजी म्हणाल्या. खिडकी मात्र बंद, कारण खाली वाहता रस्ता. रात्रीचा आवाज आणि दिवसाचा धूर.

ओल आणि बुरशी यांचा दम्याशी आणि श्वसनाच्या तक्रारींशी असलेला संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट मांडला आहे. रस्त्यावरच्या धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण थेट फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात, तिथल्या पेशी त्यांना गिळायला जातात आणि दाहाचे निरोप सोडतात. आजींच्या खोलीत खिडकी बंद ठेवली तर बुरशी, उघडली तर धूर. अशा ठिकाणी 'हवा खेळती ठेवा' हा सल्ला कागदावरच चांगला दिसतो.

पलंगापासून संडास चौदा पावलं, वाटेत दोन इंचांचा उंबरा, दिव्याचं बटण दाराच्या पलीकडच्या बाजूला. "संध्याकाळी सहानंतर मी पाणीच पीत नाही," आजींनी सांगितलं, एखादी हुशारी सांगावी तसं. तरीही रात्रीतून तीनदा उठणं होतंच. पहाटे साडेचारला पाण्याचा पंप सुरू झाला की झोप संपली. अपुऱ्या आणि तुटक झोपेनेही दाहाचे आकडे वर जातात, मग दिवसा पडून राहणं वाढतं. आणि पडून राहण्याचा हिशोब फार महाग आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झिजलं. निरोगी असताना.

मग तो उंबरा मोजायला वाकले आणि बेसिनवरचा ब्रश दिसला. केसांच्या मुळाशी तांबूस.

"हिरड्यांतून रक्त येतं?"

"ते तर वर्षभर येतंय."

"डेंटिस्टकडे?"

"त्याचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. इथले तीन उतरायचे, तिथले दोन चढायचे, आणि परत तेवढंच. दातासाठी एवढं?"

मी बेसिनला टेकून उभी राहिले. एवढ्या तपासण्या झाल्या, पण तोंड उघडायला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. हिरड्यांच्या जुनाट आजारात दातांभोवती खोल खाचा पडतात, आणि त्यांतला सुजलेला पृष्ठभाग सगळा मिळून ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरू शकतो. पायावर तेवढी जखम असती तर घर हादरलं असतं. तोंडात होती म्हणून वर्षभर खपून गेली. शिवाय दोन दाढा हलत होत्या, त्यामुळे चावावं लागणारं सगळं बंद झालेलं. सुनेबरोबर बसून दिवसभराच्या खाण्याचा हिशोब केला. प्रथिनं ३२ ग्रॅमच्या आसपास. या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम हवीत, म्हणजे त्यांच्या वजनाला निदान ५३.

जिन्यामुळे चालणं गेलं हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. जिन्यामुळे हिरड्या सडल्या, हिरड्यांमुळे आच पेटती राहिली, चावणं गेलं म्हणून स्नायूंचा कच्चा माल तुटला, आणि स्नायू गेले म्हणून जिना आणखी उंच झाला, हे मात्र ब्रश पाहिल्यावर कळलं. दाहामुळे माणूस खचतो हे खरं आहे. रक्तात आय-एल ६ जास्त असलेल्या वृद्धांची चालण्या-फिरण्याची क्षमता पुढच्या काही वर्षांत जास्त घटते, हे लुईजी फेरुची यांनी १९९९ मध्येच दाखवलं होतं. पण आजींच्या बाबतीत क्रम उलटा वाटला. आधी पायऱ्या, मग दाह, मग परत पायऱ्या.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दंतवैद्याला चिठ्ठी दिली, लोहाच्या गोळ्या थांबवल्या आणि पुढचा सी-आर-पी हिरड्यांचे उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी, असं ठरलं. घरातल्या कामांची यादी मुलाने केली. पाइप दुरुस्त, भिंत खरवडून सुकवून मग रंग, पलंग दुसऱ्या भिंतीला. खिडकी दुपारी, रहदारी विरळ असते त्या दोन तासांत उघडायची. उंबऱ्याला उतार, रात्रभर जळणारा छोटा दिवा, संडासात भक्कम दांडा. पलंग उंच करायला लाकडी ठोकळे आणले, त्यातला एक डुगडुगत होता. ते आजी बसायच्या आधी लक्षात आलं म्हणून बरं. ठोकळे काढून टाकले आणि खाली दुसरी कडक गादी घातली. उंची ४६ झाली.

पाइप दुरुस्त होईपर्यंत आजींना हॉलमध्ये झोपवलं होतं, तो आठवडा वाया गेला. टीव्ही रात्री साडेअकरापर्यंत. पाचव्या दिवशी त्या आपली उशी घेऊन परत ओल्या खोलीत गेल्या. "तिथे निदान माझा दिवा मी बंद करते," म्हणाल्या. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

हिरड्यांच्या खोल सफाईचं पहिलं सत्र झालं आणि दोन दिवसांनी मुलाचा फोन आला, घाबराघुबरा. उत्साहाच्या भरात त्याने परस्पर सी-आर-पी करून घेतला होता. १५.२. दुप्पट! "दातांनी बिघडवलं का?" मी रिपोर्ट डॉक्टरांना पाठवला आणि त्याला समजावलं, की सफाईत सुजलेली जागा ढवळली जाते, जंतू थोडा वेळ रक्तात शिरतात आणि आकडा उसळतो. २००७ मध्ये १२० रुग्णांवर झालेल्या चाचणीत हेच दिसलं होतं. हिरड्यांच्या कसून केलेल्या उपचारांनंतर चोवीस तासांत दाह वाढला, आणि सहा महिन्यांनी मात्र रक्तवाहिन्यांचं काम सुधारलेलं होतं. सी-आर-पी रक्तात फार टिकत नाही, साधारण १९ तासांत निम्मा होतो. त्यामुळे तो आज काय चाललंय ते सांगतो, वर्ष कसं गेलं ते नाही. पुढची तपासणी ठरलेल्या तारखेलाच, अशी मुलाला तंबी डॉक्टरांनीही दिली.

व्यायाम आता वेगळ्या रीतीने सुरू केले. तक्ता काढून टाकला. प्रत्येक वेळी पलंगावरून उठताना एकदा जास्त उठायचं आणि बसायचं, बस. दिवसातून दहा-बारा वेळा उठणं होतंच, त्याचे वीस-चोवीस झाले. आवळलेला स्नायू स्वतःच आय-एल ६ सोडतो, आणि इथे तोच निरोप्या उलटं काम करतो, दाह शमवणाऱ्या द्रव्यांना बोलावतो. बेन्टे पेडरसन यांच्या डॅनिश गटाने या शतकाच्या सुरुवातीला हे उलगडलं. एकच रेणू, पण बसून राहिलेल्या अंगातून महिनोन्महिने पाझरला तर खचवतो आणि हालत्या मांडीतून थोडा वेळ आला तर सावरतो.

जिन्याचा प्रश्न उरला. लिफ्ट होणार नव्हती. कठडा घट्ट झाला, दिवा लागला, आणि दुसऱ्या मजल्यावर भिंतीला मिटती बैठक बसवायचं ठरलं. इमारतीतल्या एकाने वाट अडते म्हणून तक्रार केली. आजींनी त्याला वर बोलावून बैठक मिटल्यावर भिंतीपासून किती इंच पुढे येते ते पट्टीने मोजून दाखवलं. तीन. तक्रार मिटली. पहिले पंधरा दिवस त्या फक्त तिथवरच उतरायच्या, वीस पायऱ्या, आणि बसायच्या. समोरच्या दारातल्या आजीबाई बाहेर यायला लागल्या. आमच्या आजी दिवसाचे दहा तास एकट्या असायच्या, हे मी सुरुवातीला नोंदवलंसुद्धा नव्हतं. दीर्घकाळ एकाकी राहणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशींमध्ये दाहाशी निगडित जनुकं जास्त जागी असल्याचं स्टीव्ह कोल यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं. नमुना छोटा होता, १४ जणांचा, पण त्यानंतर मी प्रत्येक घरात 'दिवसभर सोबतीला कोण?' हे विचारते.

सोळाव्या आठवड्यातली मोजमापं: चार मीटरला ५.४ सेकंद, म्हणजे वेग ०.७४. खुर्चीतून पाच वेळा उठायला १४.८. तोलाचे पूर्ण गुण. १२ पैकी ९. पकड साडेपंधरा. वजन ५३.८. या परीक्षेत एका गुणाची वाढही ठळक मानतात, इथे तीन मिळाले. सी-आर-पी ३.९. हिमोग्लोबिन ११.४.

मुलाला श्रेय भिंतीला द्यायचं होतं, कारण तिच्यावर त्याने घाम गाळला होता. डॉक्टरांचं मत हिरड्यांच्या बाजूचं. सगळं एकदमच बदललं, त्यामुळे एका माणसावरून वाटणी होत नाही. माझा कल असा: आकडा उतरवला तो मुख्यतः हिरड्यांनी, पाय परत आणले ते उठण्या-बसण्याने आणि प्रथिनांनी, आणि या दोन्ही गोष्टी होऊ दिल्या त्या जिन्यावरच्या बैठकीने. 'आधी दाह उतरवू, हालचाल आपोआप येईल' हा विचार मला पटत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जास्त आय-एल ६ आणि मंद चाल असलेल्या वृद्धांना लोसार्टन हे रक्तदाबाचं औषध आणि ओमेगा-३ देऊन पाहिलं. ना आय-एल ६ उतरला, ना चाल वाढली. उलट २०१४ च्या 'लाइफ' चाचणीत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांपैकी ज्यांना नेमाने चालायला आणि व्यायामाला लावलं त्यांच्यात चालण्याची क्षमता गमावणारे ३०.१ टक्के निघाले, आणि ज्यांना फक्त आरोग्यशिक्षण दिलं त्यांच्यात ३५.५.

सहा महिन्यांनी शेवटची भेट. बेल वाजवली, दार उघडलं नाही. सुनेला फोन लावला तर ती ऑफिसात. परत उतरायला लागले. चढताना दुसऱ्या मजल्यावरची बैठक रिकामी पाहिली होती, आता तिच्यावर दोघी बसलेल्या. आजींच्या हातात पिशवी, कपाळावर घाम.

"खालून येतेय गं," त्या म्हणाल्या. "वर जायच्या आधी जरा टेकले. तुला काय मोजायचंय ते इथेच मोज."